पावसाळ्यात आलात, आता फाल्गुनात या

गेल्या फाल्गुनात मावळातल्या एका गडाच्या पायथ्याशी आम्ही चौदा जण फटफटायच्या वेळेला खराटे घेऊन उभे होतो. पुढे गावातले मामा, त्यांच्यामागे वनरक्षक आणि मग आम्ही शहरातली मंडळी. काम साधं होतं. डिसेंबरात काढलेली जाळरेषा पानगळीनं पुन्हा भरून गेली होती, ती झाडायची. जाळरेषा म्हणजे गवत-पाचोळा काढून मोकळा केलेला पट्टा. आग तिथवर आली तर पुढे तिला खायला काही मिळू नये यासाठी. साग, ऐन, किंजळ यांची पानं फेब्रुवारी-मार्चमध्येही गळत असतात, त्यामुळे एकदा काढलेली रेषा दोन महिन्यांत बुजून जाते. वनरक्षकाच्या वाट्याला अशी कित्येक किलोमीटर रेषा आणि हाताशी दोन हंगामी मजूर.

अर्धा तास झाडलं असेल. मामांनी हात आडवा केला. “थांबा ताई, पाय टाकू नका म्होरं.” मला पाचोळ्याशिवाय काही दिसेना. त्यांनी बोटसुद्धा केलं नाही, नुसती मान कलती केली. मग हळूहळू त्या पाचोळ्यातला एक तुकडा वेगळा झाला: मिटल्यासारखे डोळे, तपकिरी-करड्या रेघांचं अंग, माझ्या बुटापासून दोन हातांवर. रातवा बसला होता. हा पक्षी घरटं बांधत नाही. उघड्या जमिनीवर, सुकल्या पानांत अंडी घालतो आणि त्यांवर बसून राहतो. पाय पडेपर्यंत हलत नाही. आम्ही मागे सरलो आणि रेषा खालच्या अंगानं वळवून घेतली. वीस वर्षं मी डोंगर फिरते आहे. रातव्याची टकटक संध्याकाळी शेकडो वेळा ऐकली आहे. अंड्यांवर बसलेला रातवा मात्र त्या सकाळी पहिल्यांदा पाहिला.

त्या दिवसापासून एक विचार डोक्यात पक्का झाला आहे. पावसाळ्यात ज्या डोंगरावर आपण गर्दी नेतो, त्याच डोंगरावर फाल्गुन ते वैशाख या काळात, गावातल्या वाटाड्याबरोबर, कामासाठी परत जायला हवं. आणि जी मंडळी पैसे घेऊन ट्रेक नेतात, त्यांच्यासाठी ही गोष्ट ऐच्छिक ठेवू नये; पावसाळ्यातल्या परवानगीची ती अट असावी.

पंचांगात वसंत ऋतू चैत्र आणि वैशाखाचा. म्हणजे मार्चअखेरपासून मे महिन्याच्या शेवटापर्यंत. ‘वैशाखवणवा’ हा शब्द ज्या भाषेत रोजच्या वापरात आहे, तिच्या लोकांना वसंत आणि वणवा एकाच महिन्यात येतात हे निराळं सांगायला नको. वनखातं १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरतं. अख्खा वसंत त्यात बसतो. आणि नेमक्या याच चार महिन्यांत डोंगरवाटा रिकाम्या होतात. ट्रेकची जाहिरात जूनच्या पहिल्या सरीबरोबर सुरू होते, जुलै-ऑगस्टमध्ये कळसाला पोचते, दिवाळीनंतर थोडी थंडीतली भटकंती होते आणि महाशिवरात्रीनंतर सगळं थंडावतं. ‘आता काय आहे डोंगरावर, नुसतं वाळलेलं गवत,’ असं अनुभवी लोकही म्हणतात.

हे खरं नाही, आणि मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण सह्याद्री सर्वांत बोलका असतो तो याच दिवसांत. पळस, पांगारा आणि काटेसावर पानं टाकून फुलतात तेव्हा एकेका झाडावर मैना, कोतवाल, बुलबुल, सूर्यपक्षी यांचा बाजार भरलेला असतो. पानंच नसल्यामुळे पक्षी दिसायला दुर्बीणसुद्धा लागत नाही. कुसुंबाला तांबडीलाल पालवी येते, इतकी लाल की लांबून फुलंच वाटावीत. घाटमाथ्यावर अंजनीच्या फांद्या निळ्याजांभळ्या फुलांनी मढतात. करवंदीच्या जाळ्यांना पांढरी फुलं येतात आणि सकाळच्या हवेत त्यांचा वास वाटेवर तरंगत राहतो. मग चैत्र-वैशाखात बहावा आणि आपलं राज्यफूल ताम्हण. भीमाशंकरच्या जंगलात शेकरू एका झाडावरून दुसऱ्या झाडावर झेप घेताना दिसतं. पावसाळ्यात धुक्यातून दिसतो तो डोंगर देखणा असतो, यात वाद नाही. पण धुक्यात डोंगराची ठेवण कळत नाही. कुठली सोंड कुठे उतरते, पाणी कुठून येतं, कोणती वाट गुरांची आणि कोणती माणसांची, हे कळतं उन्हाळ्यात. गडाचं बांधकामही तेव्हाच नीट वाचता येतं, कारण तटाला लगडलेलं गवत वाळून पडलेलं असतं.

त्याच वाळलेल्या गवतात वणव्याचं मूळ आहे. आपल्याकडे जंगलातली बहुतेक आग माणसाच्या हातून लागते. कुणी नवं गवत चांगलं येईल म्हणून जुनं पेटवतं. मोहाची फुलं वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात. कोकणात आणि मावळात भाताची रोपं करायच्या जागेवर राब भाजतात, म्हणजे पालापाचोळा पसरून जाळतात, आणि वारा फिरला की बांधावरची आग डोंगरात घुसते. आणि रस्त्याकडेला गाडी थांबवून फेकलेली विडी-सिगारेट, मुक्कामाला पेटवलेली, नीट न विझवलेली शेकोटी. यातली शेवटची दोन कारणं आपली आहेत, गावाची नाहीत. शहरातून आलेला माणूस ‘गाववालेच आगी लावतात’ असं बिनदिक्कत म्हणतो तेव्हा मला राहवत नाही. राब भाजणारा शेतकरी पिढ्यानपिढ्या तेच करत आला आहे; फरक इतकाच पडला की पूर्वी बांधावर आठ माणसं पाण्याच्या कळश्या आणि ओल्या फांद्या घेऊन उभी असायची आणि आता घरात दोन म्हातारी माणसं उरली आहेत. पोरं चाकणला, भिवंडीला, नाशिकला कामावर. त्या बांधावर त्या सकाळी चार तरणी माणसं उभी राहिली तर आग डोंगरात जाणार नाही. मी ज्याला वसंतातलं श्रमदान म्हणते, त्यात हेही येतं.

आग डोंगरात एकदा शिरली की मग गोष्ट आपल्या हातात राहत नाही. मार्च २०२३ मध्ये गोव्यात म्हादई अभयारण्याच्या परिसरात वणवे लागले, दिवसचे दिवस विझेनात. नौदल आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं पाण्याच्या बादल्या घेऊन फिरली. त्या आधी, ११ मार्च २०१८ रोजी, तमिळनाडूत थेनी जिल्ह्यातल्या कुरंगणीच्या डोंगरात ट्रेकला गेलेल्या तरुण-तरुणींना गवताळ उतारावर वणव्यानं गाठलं. वीसहून अधिक जणांचा जीव गेला. आग चढावर धावते. खालून येणारी धग वरचं गवत आधीच तापवून ठेवते, त्यामुळे उतारावर तिचा वेग माणसाच्या धावण्याला मागे टाकतो. जीव वाचवायला आपण सहजपणे वर पळतो, आणि नेमकं तेच करायचं नसतं. जून २०२४ मध्ये उत्तराखंडात बिनसर अभयारण्यात आग विझवायला गेलेले वनकर्मचारीच दगावले. त्यांना तर हे काम रोजचं होतं.

म्हणून एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. पेटलेला वणवा विझवणं हे हौशी स्वयंसेवकाचं काम नाही. समाजमाध्यमांवर फांदी हातात घेऊन ज्वाळांसमोर उभं राहिलेल्या मुलांचे फोटो फिरतात, त्यांचं कौतुक होतं, आणि मला त्यांच्या आईबापांची काळजी वाटते. आपलं काम आगीच्या आधीचं: रेषा झाडणं, पायवाटेच्या कडेचं गवत कापणं, रानमोडी या रानभर माजलेल्या तणाची वाळलेली झुडपं उपटून काढणं, कारण ती चुडीसारखी पेटतात. शनिवार-रविवारी गडाच्या वाटेवर दोघा-तिघांनी बसून येणाऱ्याजाणाऱ्यांशी बोलणं. धूर दिसला की वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवणं. उपग्रहाला दिसलेल्या आगीची सूचना भारतीय वन सर्वेक्षण संस्था नाव नोंदवलेल्या कुणालाही मोबाईलवर पाठवते. प्रत्येक ट्रेकिंग गटातल्या एकानं तरी ती घ्यायला हवी.

तमिळनाडूनं कुरंगणीनंतर नियम केले आणि २०२४ मध्ये वनखात्यामार्फत चाळीस वाटा स्थानिक वाटाड्यांसह अधिकृतपणे खुल्या केल्या. वणव्याच्या ऐन दिवसांत त्या वाटा बंद ठेवतात. महाराष्ट्रानंही तसंच करावं, वसंतात डोंगर सरसकट बंदच करावेत, असं म्हणणारे काही जाणते लोक मला भेटले आहेत. मला ते पटत नाही. ज्या उतारावर कमरेएवढं वाळलेलं गवत आहे तिथे हौशी माणसाला सोडू नये, हे मान्य. पण सगळं बंद केलं तर डोंगराकडे लक्ष ठेवणारे डोळेही बंद होतात. बंदी पायथ्याच्या चौकीवर पाळली जाते. मागच्या बाजूनं येणाऱ्याला ती अडवत नाही. त्यापेक्षा माणसं मोजकी, वाट ठरलेली, पुढे गावातला माणूस आणि हातात काम असलेलं बरं.

गावातल्या माणसाचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. वाटाड्या हा शब्द आपण जवळजवळ टाकून दिला. त्याच्या जागी ‘ट्रेक लीडर’ आला, जो बऱ्याचदा पुण्या-मुंबईतला पंचविशीतला मुलगा असतो, उत्साही, दमदार, पण त्या डोंगरावर चौथ्यांदा आलेला. पावसाळ्यात त्यावर निभावून जातं, कारण वाट मळलेली असते आणि पाणी सगळीकडे असतं. वसंतात निभावत नाही. कोणत्या टाक्यातलं पाणी पिण्याजोगं उरलं आहे, कोणता झरा आटला, कोणत्या कड्याखाली यंदा आग्या मोहोळ बसलं आहे, हे गावातल्या माणसालाच माहीत असतं, कारण तो परवा तिथून गुरं घेऊन आलेला असतो. आग्या मोहोळाची पोळी कातळाच्या पोटाला लटकलेली असतात. धूर, आरडाओरडा, अत्तराचा उग्र वास यानं माश्या उठतात, आणि उठल्या की पळायला जागा नसते. मामा अशा कड्याजवळ पोचायच्या आधी सगळ्यांना खाली बसवून पाच मिनिटं नुसतं ऐकायला लावतात. मोहोळाचा आवाज कानाला सवय झाली की पन्नास पावलांवरून येतो. ही गोष्ट मला वीस वर्षांत कोणत्याच शिबिरात कुणी शिकवली नव्हती.

या माहितीची किंमत आपण देत नाही. वाटाड्याला दिवसाचे पैसे देताना घासाघीस करणारे लोक पाहिले आहेत, आणि तेच लोक घरी येताना महामार्गावर कॉफीला त्याहून जास्त मोजतात. पावसाळ्यात गावाला जेवणाचे, चहाचे, गाडी लावण्याचे थोडे पैसे मिळतात. फाल्गुनानंतर काही नाही. भात निघालेला, रब्बी नावापुरती, बायाबापडी पाण्यासाठी दीड-दोन किलोमीटर जातात, आणि एप्रिल-मेमध्ये गावात टँकर येतो. या दिवसांत महिन्यातून दोन गट जरी वाटाड्या घेऊन, जेवण सांगून आले, तरी त्या घराला फरक पडतो. एक मात्र पाळायला हवं. उन्हाळ्यात गावात जाताना आपलं पाणी आपण घेऊन जायचं. लांबून डोक्यावर आणलेल्या हंड्यातलं पाणी मागून त्यानं बूट धुणारी मुलं मी पाहिली, त्या घरातल्या काकू काही बोलल्या नाहीत, पण त्या दिवशी मला मान वर करून त्यांच्याकडे बघवलं नाही.

आता गडांवरच्या कामाबद्दल, कारण श्रमदान म्हटलं की मराठी माणसाला आधी गड आठवतो आणि ते स्वाभाविक आहे. जुलै २०२५ मध्ये मराठा काळातल्या बारा किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारशाचा दर्जा मिळाला; त्यातले अकरा महाराष्ट्रात, एक तमिळनाडूतला जिंजी. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, रायगड, राजगड, प्रतापगड, पन्हाळा ही नावं घेताना छाती भरून येते. दर्जा मिळाला म्हणून पायऱ्यांवरचा कचरा कमी झाला नाही. २०२३ च्या पावसाळ्यात लोहगडाच्या पायऱ्यांवर माणसं तासन्‌तास अडकून पडली होती, त्या गर्दीचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिले. त्या गर्दीनं मागे सोडलेल्या बाटल्या आणि पुड्या गवत वाळल्यावर उघड्या पडतात. गोळा करायच्या तर फाल्गुनातच सोप्या.

टाक्यांचा गाळ काढायचा हंगामही हाच. कातळात खोदलेली टाकी ही आपल्या गडांची खरी श्रीमंती. एकेका गडावर वीस-पंचवीस टाकी असतात, काही खांबटाकी, आत काळोख आणि थंडगार. पाणी तळाला गेलं की माणसं आत उतरू शकतात. एका गडावर आम्ही रांग लावून घमेली वर दिली. वरचा थर थर्माकोलच्या ताटल्यांचा, चपलांचा, दारूच्या बाटल्यांचा. त्याखाली काळा, कुजकट वासाचा चिखल. त्याच्याही खाली, गुडघाभर गेल्यावर, खापराचे तुकडे लागले. आमच्यातल्या एकानं ते गाळासकट दरीत टाकायला घमेलं उचललं. सोबतच्या पुरातत्त्वाच्या अभ्यासक ताईंनी त्याला थांबवलं, गोणपाट पसरलं आणि प्रत्येक तुकडा कोणत्या थरात मिळाला ते लिहून बाजूला ठेवायला लावलं. त्या खापरांत कदाचित काही नसेलही. पण दरीत टाकलं असतं तर ते कधीच कळलं नसतं.

हे सांगण्याचं कारण, चांगल्या मनानं केलेल्या श्रमदानानंही गडांचं नुकसान झालेलं मी पाहिलं आहे. चुन्याच्या जुन्या बांधकामात सिमेंट भरणं, पडलेले घडीव दगड उचलून ओटा बांधणं, कातळावर ऑइलपेंटनं बाण रंगवणं, तटबंदीत मुळं शिरतील अशा जागी झाडं लावणं. केंद्र संरक्षित स्मारकाला १९५८ चा कायदा लागू आहे, राज्य संरक्षित गडाला राज्याचा, आणि वनहद्दीतल्या गडाला शिवाय वनखातं. परवानगीशिवाय दगड हलवणं हा गुन्हा आहे. परवानगीचे कागद वेळ खातात, अधिकारी भेटत नाहीत, हे सगळं मी सोसलेलं आहे. त्यावर उपाय परवानगी टाळणं हा नाही. दर वर्षी जानेवारीत पुरातत्त्व आणि वनखात्यानं मिळून जिल्ह्यातल्या गडांची यादी काढावी: यंदा कोणत्या टाक्याचा गाळ काढायचा, कोणती जाळरेषा झाडायची, किती माणसं लागतील, सोबत कोण असेल. संस्थांनी त्यातलं काम उचलावं. दुर्गवीर, सह्याद्री प्रतिष्ठान यांच्यासारख्या संस्था वर्षानुवर्षं सुट्टीचे दिवस गडांवर घालवत आहेत. त्यांच्या जोडीला रस्त्यावरचा साधा माणूस आणायचा तर त्याला कुठे जायचं ते सांगणारी यादी लागतेच.

‘पण ऊन?’ हा प्रश्न मला प्रत्येक वेळी विचारतात आणि तो थट्टेवारी न्यायचा नाही. एप्रिल २०२३ मध्ये खारघरला उघड्या मैदानावरच्या कार्यक्रमात उष्माघातानं चौदा माणसं गेली. तीही नुसती बसलेली होती. डोंगरावर काम करायचं तर घड्याळ बदलावं लागतं. पहाटे साडेपाचला चालायला सुरुवात, काम नऊपर्यंत, अकराच्या आत पायथ्याला सावलीत. माणशी चार लिटर पाणी, मीठ-साखरेचं किंवा कोकमाचं सरबत, डोक्याला सुती टापशी. मे महिन्यात कष्टाचं काम बंद, फक्त पाणवठ्यांची देखभाल आणि निरीक्षण. आणि ऊन हे कारण आपण पुढे करतो तेव्हा २०१६ ते २०१९ ही वर्षं मला आठवतात. पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप या गावागावांतल्या जलसंधारणाच्या स्पर्धेत ऐन उन्हाळ्यात पंचेचाळीस दिवस गावंच्या गावं सलग समतल चर खोदत होती आणि महाराष्ट्र दिनाला शहरातले जलमित्र कुदळ-फावडी घेऊन तिथे पोचत होते. माझ्या सोसायटीतून चाळिशी-पन्नाशीतल्या सहा जणी गेल्या होत्या, त्यातल्या चौघींनी त्याआधी घमेलं उचललेलं नव्हतं. काम नेमकं असलं, सोबत गाव असलं, की माणूस येतो.

रात्रींचाही विचार व्हावा. वैशाखी पौर्णिमेला, बुद्धपौर्णिमेच्या रात्री, अभयारण्यांत पाणवठ्यावरच्या मचाणांवर बसून प्राणी मोजायची आपल्याकडे जुनी रीत आहे. आता वनखातं त्याला निसर्गानुभव म्हणतं. उन्हाळ्यात पाणी कमी, त्यामुळे जनावर पाण्यावर येणारच, आणि चांदण्यात ते दिसतं. रात्रभर गप्प बसायचं, वहीत वेळ आणि प्राणी लिहायचा. ताडोबा-मेळघाटात यासाठी झुंबड असते. सह्याद्रीतल्या साध्या, बिननावाच्या पाणवठ्यांवरही चैत्र पौर्णिमेला असं बसता येईल, वनरक्षकाला सोबत घेऊन, आठ-आठ जणांनी. वाघ दिसणार नाही. साळिंदर, भेकर, उदमांजर दिसेल, आणि त्या खोऱ्यात काय जगतं आहे याची दर वर्षाची नोंद तयार होईल.

विद्यार्थ्यांच्या परीक्षा याच दिवसांत असतात, हे खरं आहे. पण राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यानं दोन वर्षांत २४० तास समाजसेवा करायची असते, १९६९ पासून ती योजना चालू आहे, आणि तिची निवासी शिबिरं बहुतेक हिवाळ्यात होतात. तीच शिबिरं डोंगराच्या पायथ्याच्या गावांत, जानेवारी-फेब्रुवारीत, जाळरेषेच्या कामाला जोडली तर वेळापत्रकाला धक्का लागत नाही. भिंती रंगवण्यापेक्षा ते काम उपयोगाचं ठरेल, आणि मुलांना गावातली माणसं भेटतील.

आता अटीबद्दल, जिच्यावर माझे ट्रेक नेणारे मित्र माझ्याशी भांडतात. त्यांचं म्हणणं, आम्ही छोटे लोक, आधीच कागदपत्रं डोक्यावर, २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानं नोंदणी आणली, त्यात ही भर कशाला. आणि सक्तीचं श्रमदान हे श्रमदान कसलं? त्यांच्या दुसऱ्या मुद्द्यात तथ्य आहे, म्हणून मी एकट्यादुकट्या भटक्यावर कसलीही सक्ती मागत नाही. पैसे घेऊन शेकडो माणसं एका डोंगरावर नेणाऱ्यासाठी मात्र हा धंद्याचा खर्च आहे. रस्ता वापरणाऱ्यानं टोल द्यावा इतकी साधी ही गोष्ट. जून ते सप्टेंबर तू ज्या गडावर गट नेलेस, त्याच गडावर फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये वनखात्याच्या यादीतले किमान दोन दिवस माणसं आण, नाहीतर त्या कामाची मजुरी गावच्या समितीकडे भर. तसा दाखला असेल तरच पुढच्या पावसाळ्याची परवानगी.

रकमेचा अंदाज करून पाहा. मनरेगाची महाराष्ट्रातली मजुरी २०२५-२६ मध्ये दिवसाला ३१२ रुपये होती. त्या दरानं गावातलेच दोन अग्निरक्षक वणव्याचे चार महिने रोज ठेवायचे तर पाऊण लाखाच्या आसपास खर्च येतो. दर अर्थातच वाढवायला हवा. उन्हात डोंगर राखणाऱ्याला ३१२ रुपये कमीच. तरी पावसाळ्यात माणशी पन्नास रुपये बाजूला काढले तर पंधराशे माणसांत एवढी रक्कम उभी राहते, आणि गाजलेल्या गडावर श्रावणातल्या एखाद्या रविवारीच तेवढी माणसं चढतात. सिंहगडावर वाहनांकडून उपद्रव शुल्क घेतलं जातं. कासच्या पठारावर आसपासच्या गावांच्या समित्या फुलांच्या हंगामात शुल्क घेतात, गावातल्या तरुणांना कामावर लावतात, वाटेवरून बाहेर जाणाऱ्याला हटकतात. म्हणजे व्यवस्था आपल्याला ठाऊक आहे. फक्त पावसाळ्यात आणि फुलोऱ्यात आलेला पैसा उन्हाळ्यात त्याच डोंगरावर खर्च झाला पाहिजे, आणि किती आला, किती गेला हे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिलं पाहिजे.

डोंगर दूर असलेल्यांनी फार लांब जायची गरज नाही. पुण्यात वेताळ टेकडीवर सकाळी फिरायला जाणारे कित्येक जण हातात एक जास्तीची बाटली नेतात आणि पावसाळ्यात लावलेल्या रोपाला ओततात. मोठ्या समारंभात झाडं लावणारे पुन्हा फिरकत नाहीत. ती जगतात या बाटल्यांवर. पहिले दोन-तीन उन्हाळे निघाले की झाड आपलं आपण उभं राहतं. मुंबईत संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि गोरेगावचं बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचं (बीएनएचएस) निसर्ग शिक्षण केंद्र आहे, तिथे जाणकारांबरोबर चालता येतं. नाशिकला, कोल्हापूरला, रत्नागिरीला जवळपास कुठे ना कुठे देवराई आहे. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात या देवरायांचा अभ्यास मांडला, तेव्हापासून त्यांचं महत्त्व सगळे सांगतात. गावच्या पुजाऱ्याला विचारून, त्याच्या सोबतीनं, देवराईच्या कडेनं पाचोळ्याचा पट्टा झाडून देणं हे चार माणसांचं एका सकाळचं काम आहे. आत जाऊन पाचोळा काढायचा नाही. ती त्या झाडांची माती आहे.

आमच्या रेषेचं पुढे काय झालं ते सांगते. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मामांचा फोन आला. पलीकडच्या अंगानं, रस्त्याच्या बाजूनं आग चढली होती. दोन ठिकाणी ती रेषेवर येऊन थांबली. तिसऱ्या ठिकाणी, खिंडीच्या तोंडाशी, वाऱ्यानं ठिणग्या पलीकडे नेल्या आणि वरचा एक पट्टा जळाला. करवंदीच्या जाळ्या गेल्या, काही कोवळी ऐनाची झाडं गेली. रातव्याची जागा रेषेच्या आतल्या अंगाला होती, ती राहिली. खिंडीपाशी रेषा दीडपट रुंद हवी आणि ती माघातच झाडायला घ्यायला हवी, असं मामांचं म्हणणं आहे. त्याला तीस माणसं लागतील. आम्ही अजून चौदाच आहोत.